प्रीडायबेटिस: भाजी पोटभर, भाकरी तोंडी लावायला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, उंची पाच फूट सहा इंच, वजन ७४ किलो. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीएवनसी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, "बॉर्डरवर आहे, पथ्य करा, तीन महिन्यांनी या." पथ्य म्हणजे काय ते कुणीच उलगडून सांगितलं नाही. आई म्हणते भात बंद कर, कंपनीतले मित्र म्हणतात साखर सोड आणि गूळ खा, सासऱ्यांनी कारल्याचा रस सुरू करायला सांगितलाय. तुम्ही विचारता, "मॅडम, नक्की काय सोडू?"

मी कोल्हापुरात २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न माझ्याकडं आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो आणि त्यात 'सोडू' हाच शब्द असतो. सोडायचं फार थोडं आहे. बदलायचं आहे ते ताटातलं माप. त्याबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी हा आकडा काय सांगतोय ते बघू.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची साधारण सरासरी. ५.७ ते ६.४ या टप्प्याला प्रीडायबेटिस म्हणतात, ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ हाही तोच टप्पा. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतायत. शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक, तयार होतंय, पण पेशी त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतंय. "रात्रभर उपाशी होतो, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?" असं तुम्ही लिहिलंय. रात्री यकृत स्वतः रक्तात साखर सोडत असतं, मेंदूला ती लागते. इन्सुलिनचा लगाम नीट बसला नाही की यकृत गरजेपेक्षा जास्त सोडतं. यकृतावर चरबी असेल तर हे आणखी वाढतं. त्यामुळं सकाळचा आकडा नुसत्या रात्रीच्या जेवणाचा नसतो, महिनोन् महिने चाललेल्या सवयीचा असतो.

"मी काही एवढा जाड नाही" हे तुमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली एक फोटो प्रसिद्ध केला, स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं वरून सडपातळ दिसतात आणि आत, पोटाच्या पोकळीत, चरबी साठवून असतात. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या पुढं गेला की वजन जास्त धरतात. तुमचा २६ च्या वर आहे. आज घरी शिलाईचा टेप बेंबीच्या पातळीवर धरून कमर मोजा, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो.

आता तुम्हाला घाबरवायचं नाही, पण 'बॉर्डरवर आहे' हे ऐकून तुम्ही निवांत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझ्या वडिलांना १९९८ साली उपाशीपोटी ११८ निघाली होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं, चिंतेचं कारण नाही. आम्हीही ते आनंदानं मान्य केलं. पुढची सहा वर्षं कुणी तपासलंच नाही, आणि कळलं तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेला होता. त्या सहा वर्षांत काय करता आलं असतं हे मला आता माहीत आहे, म्हणून एवढं लांब लिहितेय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी आणि प्रीडायबेटिसचे साडेतेरा कोटींवर निघाले. म्हणजे ज्यांना अजून मागं फिरता येतं त्यांची संख्या जास्त आहे.

मागं फिरता येतं याला पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी तुमच्यासारख्याच ५३१ जणांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ साली आला. आहार आणि चालणं यांमुळं मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनंही जवळपास तेवढाच, २६ टक्के. अमेरिकेत २००२ च्या मोठ्या अभ्यासात तर जीवनशैली बदललेल्यांचा धोका ५८ टक्क्यांनी घटला आणि गोळीवाल्यांचा ३१. तिथल्या लोकांना लक्ष्य दिलं होतं वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. तुमच्या ७४ किलोत ७ टक्के म्हणजे पाच किलो.

आता ताटाकडं.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असतो आणि एका डब्यात शाळूचं, म्हणजे ज्वारीचं पीठ. आलेल्या माणसाला, किंवा त्याच्या घरी जी भाकरी थापते तिला, मी सांगते की एका भाकरीला घेता तेवढं पीठ काढा. परातीतून जसं ओंजळीनं घेतात तसंच घेतात. काट्यावर ८० ते ९० ग्रॅम भरतं. घरातल्या कर्त्या पुरुषाची भाकरी तर ९० च्या खाली क्वचित. मग मी गणित मांडते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं, तांदळात सुमारे ७८. म्हणजे ८५ ग्रॅमच्या दोन भाकऱ्यांत ११५ ग्रॅम, वर ६० ग्रॅम तांदळाच्या भातात ४७. एका बैठकीला १६० ग्रॅमच्या पुढं गेलो, आणि ताटात साखरेचा कणसुद्धा नाही. त्याच ताटात उसळ किती? अर्धी वाटी, त्यातही निम्मा रस्सा. भाजी दोन चमचे.

भाजी-आमटीला आपल्याकडं 'तोंडी लावणं' म्हणतात. सगळं दुखणं मला या शब्दात दिसतं. पोट भाकरीनं भरायचं आणि ती घशाखाली उतरावी म्हणून कालवण. दिवसभर ऊसतोडणी, नांगरट, कुस्तीचा जोर करणाऱ्या शरीराला ते ताट योग्यच होतं. आठ तास मशीनसमोर उभं राहून बसनं घरी येणाऱ्याला ते झेपत नाही. तुम्हाला करायचंय एवढंच की ताट फिरवायचं: भाजी-उसळ पोटभर, आणि भाकरी तोंडी लावायला.

मोजून सांगते. भाकरी एक, ६० ग्रॅम पिठाची. पहिला आठवडा पीठ वजन करूनच घ्या, नंतर हाताला अंदाज येतो. उसळ किंवा घट्ट आमटी मोठी वाटी भरून: मटकी, मूग, चवळी, हरभरा, आपल्याकडचा अख्खा मसूर. पालेभाजी किंवा फळभाजी दुसरी मोठी वाटी. मेथी, अंबाडी, शेपू, दोडका, वांगं, गवारी, काहीही चालेल. बटाटा मात्र भाजी म्हणून मोजू नका, तो भाताच्या बाजूचा. काकडी, मुळा, गाजर, कांदा यांची कोशिंबीर. भात हवा असेल तर अर्धी वाटी, शेवटी ताकाबरोबर. कडधान्यातही कर्बोदकं असतात, पण सोबत प्रथिनं आणि तंतू असल्यानं साखर सावकाश चढते आणि चार तास भूक लागत नाही. त्यामुळं भाकरी कमी केली तरी उसळीत हात आखडता घेऊ नका. नेमकी तिथंच लोकांची चूक होते. दोनाची एक भाकरी करतात, बाकी ताट आहे तसंच ठेवतात, संध्याकाळी पाचला पोटात आग पडते आणि मग खारी-बटरचा पुडा संपतो.

खायचा क्रमही बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि उसळ निम्मी संपवा, मग भाकरीला हात लावा, भात सगळ्यात शेवटी. तेच पदार्थ या क्रमानं खाल्ले की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पैसा लागत नाही, वेगळा स्वयंपाक लागत नाही.

आईंना सांगा, भात बंद करायचं कारण नाही. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घरात येत असेल तर तोही खा, पण वाटीनं मोजून. भात सोडून तीन चपात्या खाणारे कितीतरी लोक माझ्याकडं येतात आणि आकडा का हलत नाही म्हणून चक्रावतात. ज्वारी, नाचणी, गहू यांत कर्बोदकांचा फरक फार नाही. भाकरीत तंतू जास्त, म्हणून भाताहून ती बरी, इतकंच. नाचणीचं तर विशेष सांगावं लागतं. नाचणीची भाकरी भाजीबरोबर खाल्ली तर चांगलीच; तीच नाचणी बारीक दळून, पातळ शिजवून, गूळ घालून आंबील म्हणून प्यालात तर साखर झरझर चढते.

गुळाबद्दल कोल्हापुरात बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, गुऱ्हाळावरची गरम काकवी मलाही प्रिय आहे. पण गूळ हा उसाचाच रस आटवून केलेला आहे. त्यात थोडं लोह आणि खनिजं आहेत, बाकी बहुतांश साखरच. रक्तात गेल्यावर स्वादुपिंडाला दोन्हींत भेद कळत नाही. साखरेऐवजी गूळ घातल्यानं तुमचा फायदा शून्य, उलट 'गूळच आहे' म्हणून खडा मोठा पडतो. आमटीत चवीपुरता घातला तर त्याचं मनावर घेऊ नका. चहात, लाडवात, शेंगदाण्यासोबत येता-जाता, हे थांबवा. उसाचा रस मात्र बंदच. एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि चावायचं काही नसल्यानं ती सरळ पोहोचते.

चहाचा हिशेब तुम्हीच लिहून पाठवलाय: घरी दोन, कंपनीत तीन, सुट्टीला टपरीवर आणखी एक. कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एकदम फिका चहा प्यायला लावला की माणूस आठ दिवसांत सगळंच पथ्य सोडतो, हे मी पुष्कळ बघितलंय. दर आठवड्याला कपामागं अर्धा चमचा कमी करा, महिन्यात जीभ वळते. कंपनीतल्या मशीनच्या चहात साखर आधीच मिसळलेली असते, तिथं बिनसाखरेचा काळा चहा किंवा सरळ ताक.

नाष्ट्याला मिसळ विचारलीत. मिसळीतली मटकी हा तुमच्या दिवसातला चांगला पदार्थ आहे. गडबड ब्रेडची आणि फरसाणाची. मोड आलेली मटकी जास्त, कट बेताचा, फरसाण चिमूटभर, कांदा-लिंबू भरपूर, ब्रेडचा एकच स्लाइस. घरी केली तर आठवड्यातून दोनदाही खा. बाहेरची महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी दुपारी भात नको. पोहे, उपीट करायचे तर निम्मे पोहे आणि निम्मे वाटाणे, शेंगदाणे, भाज्या, सोबत एक-दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही. मुगाची धिरडी, बेसनाची पोळी, खरड्याबरोबर शिळी भाकरी आणि ताक, हे सगळं बिस्किटांच्या पुड्यापेक्षा कितीतरी चांगलं.

रविवारच्या मटणाला घाबरू नका. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानं साखर फारशी वाढत नाही, वाढते ती रश्श्यासोबत किती भाकऱ्या आणि किती भात जातो त्यानं. आपल्याकडं रस्सा ओरपायचा असतो आणि वाढणारा वाटी रिकामी राहू देत नाही. पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध आणि काजू, तांबड्यावर तेलाचा तवंग, दोन्हींत मीठ. म्हणून एकेक वाटी, मटणाचे चार-पाच तुकडे, एक भाकरी, आणि ताटभर कांदा-काकडी. बिर्याणी असेल त्या दिवशी भाकरी नको. मधल्या दिवसांत मासे, अंडी, चिकन मटणापेक्षा बरे.

उपवासाचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या घरात शुक्रवार आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात बटाटा, आणि दोन वेळा. उपवासाच्या दिवशी साखर सगळ्यात जास्त चढलेली मी पाहिलीय. वाटीभर भगर आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, काकडी-दही, राजगिऱ्याचं थालीपीठ, दुपारी एक पेरू. अंबाबाईचा उपवास यानंही पुरा होतो.

शिफ्टचं गणित अवघड आहे, आणि तुमच्या बाबतीत ते निम्मं काम करेल असं मला वाटतं. दुसऱ्या पाळीहून तुम्ही रात्री बाराच्या पुढं घरी येता, आई गरम भाकऱ्या करून वाढतात, आणि एकला झोपता. आईंची माया मला कळते, "दिवसभर राबून आलाय लेकरू, अर्ध्या भाकरीनं काय हुतंय?" पण त्या वेळी शरीर साखर हाताळायला सगळ्यात ढिलं असतं. मुख्य जेवण कंपनीत रात्री आठच्या सुट्टीत करा, डबा घरून न्या. घरी आल्यावर भूक असेल तर वाटीभर उसळ किंवा ताक, बस्स. पहिल्या पाळीला रात्री साडेसात-आठला जेवून घ्या. झोप सहा-सात तास हवीच; अपुऱ्या झोपेनंही इन्सुलिनची दाद कमी होते.

जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला, कंपनीच्या आवारात चाललात तरी पुरे. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सुट्टीला रंकाळ्यावर जाता, फार छान, पण फेरी झाल्यावरची चौपाटीवरची भेळ महिन्यातून एकदाच ठेवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर-बैठका हव्यात. स्नायू हे साखरेचं सर्वात मोठं कोठार, आणि चाळिशीनंतर ते घटत जातं. आपल्या गावात गल्लीगल्लीत तालीम आहे; सुरुवातीला भिंतीला टेकून जोर आणि खुर्चीवरून उठबस एवढं पुरे. फक्त तालमीतला खुराक, बदाम घातलेली थंडाई आणि दूध कट्ट्यावरचं लोटीभर म्हशीचं दूध, तो पैलवानाच्या मेहनतीसाठी असतो. तुम्हाला दिवसाला एक कप, बिनसाखरेचं.

कारल्याची भाजी जरूर खा. रसावर भिस्त ठेवू नका. आणि सासऱ्यांना एवढं सांगा की कुणी दुधीचा रस सुचवला आणि तो कडू लागला, तर एक घोटही पुढं घ्यायचा नाही. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत. फळं चावून खा, दिवसाला एक-दोन: पेरू, संत्रं, पपईची फोड, जांभळं. ज्यूस नको. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांत मैदा असतोच.

एक सोपा प्रयोग करा. ग्लुकोमीटर कुणाकडून तरी मिळेल. एका दिवशी नेहमीचं ताट जेवा, पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचून आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी सांगितलेलं ताट जेवा, १५ मिनिटं चाला, आणि परत मोजा. दोन तासांनी १४० च्या आत राहणं हे आपलं लक्ष्य. हे दोन आकडे आईंना दाखवा, मग पीठ मोजायला त्या स्वतः काटा काढतील.

काही गोष्टी डॉक्टरांकडूनच करून घ्या. रक्तदाब, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड आणि हिमोग्लोबिन तपासा. लोहाची कमतरता असली तर एचबीएवनसी खोटा जास्त दिसू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर निर्णय नको. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. मेटफॉर्मिन द्यायची की नाही हे डॉक्टर वजन, वय आणि आकडे बघून ठरवतील. गोळी लागली तर तो पराभव समजू नका. खूप तहान, रात्री वारंवार लघवी, काही न करता उतरणारं वजन, यातलं काही दिसलं तर तीन महिने थांबू नका. आणि वहिनींना गरोदरपणात साखर निघाली होती का, तेही आठवून बघा. निघाली असेल तर त्यांचीही तपासणी दरवर्षी व्हायला हवी.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, आठ तास उपाशी राहून, परत तपासा. रिपोर्ट आला की वजन, बेंबीजवळची कमर आणि दोन्ही आकडे लिहून पाठवा, आणि त्या वेळी कोणती शिफ्ट चालू होती तेही लिहा.